बारा तारांचा करार : यूएसबी ट्रान्सीव्हर काय सांगतो आणि काय सांगत नाही

समीक्षा म्हटलं की आपल्याला कविता आठवते, नाटक आठवतं, फार तर सिनेमा. आज आम्ही एका चिपची समीक्षा करणार आहोत. चिपची म्हणजे तिच्या किमतीची किंवा वेगाची नाही, तिच्यामागच्या विचाराची. एखादी वस्तू कुणीतरी विचारपूर्वक घडवलेली असते, तिच्यात काही निवडी असतात, काही तडजोडी असतात, काही गोष्टी उघड सांगितलेल्या असतात आणि काही झाकलेल्या. मग तिला समीक्षा का लागू नये?

आपला आजचा विषय आहे यूएसबी ट्रान्सीव्हर. इंजिनिअर मंडळी त्याला ‘फाय’ म्हणतात. यूएसबीच्या केबलमधल्या दोन डेटा तारा, डी-प्लस आणि डी-मायनस, जिथे येऊन थांबतात तिथे हा बसलेला असतो. त्याच्या एका बाजूला केबल, म्हणजे मिलीव्होल्टांचं जग. दुसऱ्या बाजूला ‘लिंक’, म्हणजे शून्य-एकचं, बाइटांचं जग. फायचं काम दुभाष्याचं आहे. आणि दुभाष्याला आपण जे प्रश्न विचारतो तेच इथेही विचारायचे: भाषांतर नीट झालं का, काही गाळलं का, आणि गाळलं असेल तर ते कुणाला कळलं का?

बोलायला एक ठोस उदाहरण हवं, म्हणून यूएसबी ३३०० ही चिप घेऊ. एसएमएससी कंपनीची चिप. ती कंपनी २०१२ मध्ये मायक्रोचिपने विकत घेतली. एसटीएम३२एफ४०७ सारख्या मायक्रोकंट्रोलरला ४८० मेगाबिटचा वेग हवा असेल तर बाहेरून असा फाय लावावाच लागतो, त्यामुळे पुष्कळ विद्यार्थ्यांच्या हातून ही चिप गेलेली असते. पण आपली टीका या एका चिपवर नाही. ती ज्या कराराने बांधलेली आहे त्या करारावर, म्हणजे यूएलपीआयवर आहे.

हा करार आला कुठून? यूएसबी २.० चं स्पेसिफिकेशन एप्रिल २००० मध्ये आलं. ४८० मेगाबिटचं ॲनालॉग सर्किट लिहिणं हे येरागबाळ्याचं काम नव्हे, म्हणून २००१ मध्ये इंटेलने यूटीएमआय नावाचा एक जोड ठरवून दिला: अवघड ॲनालॉग भाग एका तुकड्यात ठेवा, बाकी डिजिटल भाग ज्याचा त्याने लिहावा. मात्र हा जोड एकाच सिलिकॉनच्या आतला होता. ८ बिटांची सगळ्यात साधी मांडणी घेतली तरी तारा मोजा: ८ जायच्या, ८ यायच्या, आणि बाकी नियंत्रणाच्या धरून ३०. सिलिकॉनच्या आत तीस तारा म्हणजे काहीच नाही. पण फाय वेगळ्या चिपमध्ये ठेवायचा म्हटलं की तीस पिना महाग पडतात. म्हणून यूएलपीआय आला, त्याची १.१ आवृत्ती २००४ ची. त्यात तारा बाराच. आठ डेटाच्या, एक ६० मेगाहर्ट्झ घड्याळाची, आणि तीन नियंत्रणाच्या: डीआयआर, एनएक्सटी, एसटीपी.

तीस तारांचं काम बारा तारांवर. आमचा आजचा सगळा मुद्दा या काटकसरीत आहे. काटकसर चांगलीच, पण घरखर्च कमी करताना नेमकं काय कमी केलं ते पाहायला हवं.

आधी एक पॅकेट पाठवून बघू. समजा आपलं डिव्हाइस होस्टला डेटा देत आहे. लिंक आठ तारांवर ४३ हा हेक्झाडेसिमल बाइट ठेवतो. यातले वरचे दोन बिट ०१, म्हणजे ‘पाठव’. (००, म्हणजे काही नाही, १०, म्हणजे रजिस्टर लिही, ११, म्हणजे रजिस्टर वाच.) खालचे चार बिट ००११, म्हणजे पॅकेटचा प्रकार डेटा-शून्य. याला पीआयडी म्हणतात. लिंक फक्त हे चार बिट देतो. केबलवर मात्र सी३ जातं, कारण फाय त्या चार बिटांचे उलटे चार बिट स्वतः जोडतो. प्रकार सांगणारा भाग चुकला तर पुढचं सगळंच चुकतं, म्हणून तो दोनदा सांगायचा, एकदा सुलट आणि एकदा उलट.

पण सी३ जाण्याच्याही आधी फाय एक प्रस्तावना पाठवतो: सिंक. यूएसबीत घड्याळाची वेगळी तार नाही. ऐकणाऱ्याने बोलणाऱ्याच्या तालावरूनच ताल ओळखायचा. नियम असा की शून्य पाठवायचा तर तारेवरची अवस्था पालटायची, एक पाठवायचा तर आहे तशी ठेवायची. याला एनआरझेडआय म्हणतात. दोन अवस्थांची नावं जे आणि के. मग ३१ शून्यं आणि शेवटी एक पाठवलं की तारेवर केजेकेजे असा ठेका पडतो आणि शेवटी के दोनदा येतो. ही सम. इथून पुढे मजकूर. जुन्या १२ मेगाबिटच्या वेगात हाच ठेका फक्त ८ बिटांचा होता. ४८० मध्ये तो ३२ चा केला, कारण वाटेतला प्रत्येक हब सुरुवातीचे चारपर्यंत बिट गिळू शकतो आणि वाटेत पाच हब असू शकतात. वीस गेले तरी बारा उरतात.

आता अडचण बघा. एक पाठवताना अवस्था पालटत नाही. मजकुरात सलग एकच एक आले तर तार गप्प बसते आणि ऐकणाऱ्याचा ताल सुटतो. म्हणून सहा एक सलग झाले की फाय आपल्या पदरचा एक शून्य घालतो. पलीकडचा फाय तो काढून टाकतो. लिंकला याचा पत्ताही नसतो. जवळजवळ नसतो, असं म्हणायला हवं. कारण ४८० मेगाबिटला ६० ने भागलं तर ८ येतात, म्हणजे घड्याळाच्या प्रत्येक ठोक्याला बरोबर एक बाइट. भराव्याचे शून्य जाणार कुठून? ते साठतात. आठ साठले की फाय एक ठोका एनएक्सटी खाली घेतो: थांब, माझं मागचं संपायचं आहे. ५१२ बाइट सगळे एकांनीच भरलेले असतील तर ४०९६ बिटांमागे सुमारे ६८२ भराव्याचे जातात. मजकूर काय आहे यावर तो पोचायला किती वेळ लागेल हे ठरतं, ही गोष्ट यूएसबी शिकवताना बहुधा सांगितली जात नाही.

ऐकण्याची बाजूही तितकीच बारीक आहे. बोलणाऱ्याचं आणि ऐकणाऱ्याचं घड्याळ वेगवेगळं. प्रत्येकाला दहा लाखांत ५०० ची चूक माफ आहे. म्हणजे दोघं उलट दिशांना चुकले तर हजारात एक. सगळ्यात मोठं पॅकेट भराव्यासकट साडेनऊ हजार बिटांच्या घरात जातं, म्हणजे दहाएक बिटांचा फरक पडू शकतो. म्हणून फायमध्ये एक छोटी टाकी असते. ती निम्मी भरेपर्यंत फाय वाट पाहतो आणि मगच पुढे बिट सोडायला लागतो. पुढे येणारं पाणी कमी-जास्त झालं तरी टाकी ना रिकामी होते ना ओसंडते. एवढी साधी युक्ती.

आणि हे सगळं वेळेत. होस्टचं पॅकेट संपल्यापासून डिव्हाइसने १९२ बिटांच्या आत उत्तर द्यायला सुरुवात केली पाहिजे. १९२ बिट म्हणजे ४०० नॅनोसेकंद, म्हणजे ६० मेगाहर्ट्झचे २४ ठोके. यूएलपीआय या २४ ठोक्यांची वाटणी करून देतो. पॅकेट संपलं हे लिंकला कळवायला फायला फार तर ८, उत्तर काय द्यायचं ते ठरवायला लिंकला फार तर १४, आणि ते केबलवर चढवायला फायला फार तर २. भावाभावांत जमीन वाटावी तशी वाटणी, आणि बांध कोरायला जागा नाही. चांगला करार असा असतो: कुणाला किती वेळ हे आधी लिहिलेलं असतं, त्यामुळे एका कंपनीचा फाय आणि दुसऱ्याने लिहिलेला लिंक एकमेकांना न पाहता जमू शकतात.

इथवर आमची दाद आहे, आणि ती मनापासून आहे. दाद देण्यासारख्या आणखी दोन जागा आहेत.

पहिली, पॅकेटचा शेवट. १२ मेगाबिटमध्ये शेवट सांगायला दोन्ही तारा दोन बिटांइतका वेळ शून्यावर न्यायच्या, मग एक बिट जे. दोन्ही तारा शून्यावर, याला एसई-शून्य म्हणतात. पण ४८० मध्ये दोन्ही तारा शून्यावर म्हणजे नुसती शांतता, कारण कुणी बोलत नसताना तिथे तारा शून्यावरच असतात. मग शेवट सांगायचा कसा? उत्तर असं: मुद्दाम नियम मोडा. एक शून्य पाठवा आणि पुढे भरावा न घालता सात एक पाठवा. सहानंतर शून्य यायलाच हवा होता, तो आला नाही. म्हणजे पॅकेट संपलं. चुकीलाच विरामचिन्ह केलं. नवी अवस्था लागली नाही, नवा व्होल्टेज लागला नाही.

दुसरी, केबल उपटली हे ओळखणं. ४८० मध्ये फाय १७.७८ मिलीअँपिअर प्रवाह सोडतो. दोन्ही टोकांना ४५ ओहम, म्हणजे मिळून २२.५, म्हणजे ४०० मिलीव्होल्ट. पलीकडचं टोक नाहीसं झालं की एकटे ४५ ओहम उरतात आणि ४०० चे ८०० होतात. होस्टचा फाय ५२५ ते ६२५ च्या दरम्यान एक रेघ आखून बसलेला असतो. त्या वर गेलं की समोर कुणी नाही. रिकाम्या खोलीत आवाज घुमतो, तसंच. घुमून परत यायला वेळ लागतो म्हणून दर १२५ मायक्रोसेकंदांनी जाणाऱ्या फ्रेमच्या खुणेच्या पॅकेटचा शेवट ८ ऐवजी ४० बिटांचा ठेवला आहे. ज्याने कुणी हे सुचवलं त्याला तारेतला आवाज कानाने ऐकू येत असावा.

आता तक्रारी. तीन आहेत, आणि त्या एकीतून दुसरी निघते.

पहिली तक्रार: शांततेवर टाकलेलं ओझं. एसई-शून्य म्हणजे काय? १२ मेगाबिटमध्ये दोन बिटांपुरता असला तर पॅकेटचा शेवट. जास्त वेळ राहिला तर रीसेट. डिव्हाइसच नसेल, तर होस्टच्या बाजूचे १५ किलोओहमचे रोधक तारा खाली ओढून धरतात, म्हणजे पुन्हा तेच. आणि ४८० मध्ये तीच अवस्था म्हणजे सगळं ठीक आहे, सध्या बोलणं नाही. एकच अवस्था आणि चार अर्थ. फरक फक्त किती वेळ आणि कोणत्या वेगात एवढाच.

याचा परिणाम असा की ४८० च्या वेगात डिव्हाइसला ‘झोप’ आणि ‘नव्याने सुरू हो’ या दोन आज्ञा सुरुवातीला सारख्याच दिसतात. दोन्हींत शांतता. ३ मिलिसेकंद काहीच आलं नाही की डिव्हाइसने स्वतःहून १२ मेगाबिटच्या पोशाखात परत जायचं, म्हणजे ४५ ओहम काढायचे, डी-प्लसवरचा दीड किलोओहमचा रोधक जोडायचा, शंभरएक मायक्रोसेकंद थांबायचं आणि मग तारेकडे बघायचं. डी-प्लस वर आली, तर होस्टने सोडून दिलं आहे, झोपायला हरकत नाही. वर आली नाही, तर होस्ट अजून खाली दाबून धरतो आहे, म्हणजे रीसेट. अंधारात कुणी आहे का हे बघायला हात पुढे करावा तसं. युक्ती चालते, रोज जगभर चालते. पण अशी युक्ती लागली, कारण १९९६ च्या दोन तारांवर २००० ची भाषा बसवायची होती आणि जुना एकही शब्द रद्द करायचा नव्हता. हे ओझं आहे, आणि ते मान्य केलेलं बरं.

दुसरी तक्रार यूएलपीआयवर, आणि ती अधिक कडक आहे. हे ओझं उचलायचं कुणी? दुभाषा ठेवलाय म्हटल्यावर आपल्याला वाटतं की तोच सांगेल, ‘साहेब, रीसेट आलाय.’ तो तसं सांगत नाही. तो फक्त दोन बिट देतो, त्यांना लाइनस्टेट म्हणतात. आणि त्या दोन बिटांचा अर्थ तुम्ही फायला कोणत्या वेगात ठेवलंय यावर पालटतो. १२ मेगाबिटमध्ये ०१ म्हणजे जे. दीड मेगाबिटमध्ये तेच ०१ म्हणजे के. ४८० मध्ये ०१ म्हणजे नुसतं, ‘काहीतरी आवाज येतोय’. जे की के ते सांगत नाही. आणि वेग ठरवण्याच्या सुरुवातीच्या बोलण्यात पुन्हा ०१ म्हणजे जे. दोन बिट आणि चार शब्दकोश. कोणता उघडायचा हे लिंकने लक्षात ठेवायचं.

ते सुरुवातीचं बोलणं, ज्याला चर्प म्हणतात, तेच बघा. ४८० वालं डिव्हाइस जोडताना आधी १२ वालं म्हणूनच येतं. होस्ट रीसेट करतो. त्या रीसेटमध्येच डिव्हाइस हाक मारतं: निदान १ मिलिसेकंद अखंड के. होस्टला ऐकू आलं आणि त्याला ती भाषा येत असेल तर तो ओ देतो, के आणि जे आलटून पालटून, प्रत्येक ४० ते ६० मायक्रोसेकंदांचा. डिव्हाइसने अशा तीन जोड्या मोजल्या की दोघं ४८० वर. ओ आली नाही तर डिव्हाइस १ ते २.५ मिलिसेकंद वाट बघून निमूट १२ वर राहतं.

ही हाक मारायला यूएलपीआयमध्ये काय आज्ञा आहे? वेगळी आज्ञा नाही. लिंकने ०४ क्रमांकाच्या रजिस्टरमध्ये वेग ४८० चा ठेवायचा, रोधक मात्र १२ चा ठेवायचा, आणि ऑपमोडचे दोन बिट १० करायचे. त्यानं भरावा आणि एनआरझेडआय दोन्ही बंद होतात, शून्य म्हणजे सरळ के आणि एक म्हणजे सरळ जे. मग ४० हा बाइट द्यायचा, म्हणजे ‘पाठव, पण पीआयडी नाही’. पीआयडी शून्य यूएसबीत तेव्हा राखीव होता, ती रिकामी जागा इथे वापरली. मग शून्यं पाठवत राहायचं. म्हणजे ज्या भराव्याची, ज्या एनआरझेडआयची काळजी तुला करायची नाही असं करार म्हणतो, त्याच दोन गोष्टी जोडणीच्या पहिल्या रीसेटमध्ये लिंकला स्वतःच्या हाताने बंद कराव्या लागतात. दुभाष्याने ऐन वेळी म्हणावं, ‘एवढं एक वाक्य तुमचं तुम्हीच बोला, त्या भाषेत.’ पिना वाचल्या, पण माहिती लिंकच्या डोक्यावर आली.

इथे आमची एक फजिती सांगतो. टीकेला ती पुरावा म्हणून लागते. एका एफपीजीएवर लिंक आम्ही स्वतः लिहिला होता. बोर्ड जोडला, कॉम्प्युटरने ओळखला, फाइल गेली, फाइल आली. आम्ही खूश. तीन आठवडे तो बोर्ड टेबलावर चालत होता आणि तीन आठवडे तो १२ मेगाबिटवर चालत होता. ऑपमोड ०० राहिला होता. त्यामुळे आमची हाक म्हणजे अखंड के नव्हतीच. शून्यांवर एनआरझेडआय लागून जे-के-जे-के असा बारीक थरथराट जात होता. होस्टला निदान २.५ मायक्रोसेकंद अखंड के ऐकू यायला हवा. तो आलाच नाही, त्याने ओ दिली नाही, आमचं डिव्हाइस वाट बघून खाली आलं आणि कामाला लागलं. ऑसिलोस्कोप लावल्यावर सपाट पठाराच्या जागी एक धूसर पट्टा दिसला तेव्हा कुठे उलगडा झाला. चूक शंभर टक्के आमची. चिपची नव्हे, होस्टची नव्हे.

पण प्रश्न उरतोच. एवढी मोठी चूक तीन आठवडे लपली कशी?

ही आमची तिसरी आणि मुख्य तक्रार. यूएसबीत वेगाची वाटाघाट फसली तर त्याला चूक म्हणत नाहीत. फायच्या रजिस्टरमध्ये ‘हाक मारली, ओ आली नाही’ असा एकही बिट नाही. लिंकच्या दृष्टीने तो एक सरळ मार्ग आहे. होस्टच्या दृष्टीने तर समोरच्याने हाक मारलीच नाही. प्रत्येक थर आपापल्या जागी बरोबर, आणि एकूण गोष्ट चुकलेली. किती चुकलेली? १२ मेगाबिटमध्ये बल्क पॅकेटं १ मिलिसेकंदात फार तर १९ बसतात, ६४ बाइटांची: सेकंदाला सुमारे १२ लाख बाइट. ४८० मध्ये १२५ मायक्रोसेकंदांत १३, तीही ५१२ ची: सेकंदाला सव्वापाच कोटींच्या वर. शंभर कोटी बाइटांची फाइल एकीकडे वीस सेकंदांच्या आत, दुसरीकडे जवळपास चौदा मिनिटं. ही सर्वोत्तम परिस्थितीतली गणितं आहेत. प्रत्यक्षात दोन्ही आकडे खाली येतात, पण त्यांच्यातली दरी राहते.

कुणी सांगतच नाही असंही नाही. ४८० ची कुवत असून १२ वर चालणाऱ्या डिव्हाइसने ‘डिव्हाइस क्वालिफायर’ नावाची एक ओळख द्यायची असते. ती मिळाली की लिनक्सचा कर्नल आपल्या नोंदवहीत एक ओळ लिहितो: हे पूर्ण वेगाने चालत नाही, हाय-स्पीड हबला जोडा. विंडोजनेही एका काळात हे डिव्हाइस याहून वेगाने चालू शकेल असा फुगा दाखवला आहे. आमच्या नोंदवहीतही ती ओळ पहिल्या दिवसापासून होती. आम्ही ती वाचली नाही, हा आमचा दोष. पण वाचली असती तरी काय? सल्ला हब बदलायचा. हब चांगला होता. चूक काय हे त्या ओळीला माहीत असणं शक्यच नाही, कारण ती ज्या थरात लिहिली जाते तिथे फक्त निकाल पोचतो, वाटाघाट पोचत नाही. वाटाघाट पाहिलेला एकमेव साक्षीदार फाय, आणि त्याला साक्ष द्यायला करारात जागा ठेवलेली नाही.

त्यातून नावांचा घोळ. १९९६ मध्ये दोन वेग होते, दीड आणि १२. एक ‘लो’ आणि दुसरा ‘फुल’. फुल म्हणजे भरलेला. भांडं भरलं की आणखी बसत नाही, असं आपलं साधं व्यवहारज्ञान. २००० मध्ये ४८० आला, त्याचं नाव ‘हाय’. आता फुलपेक्षा हाय चाळीस पट मोठा. कॉम्प्युटर ‘फुल-स्पीड’ म्हणतो तेव्हा तो ‘कमी’ म्हणत असतो, आणि वाचणारा समाधानाने पुढे जातो. शिवाय २.० च्या स्पेसिफिकेशनमध्ये १२ मेगाबिटही येतो, त्यामुळे डब्यावर २.० लिहिलेली वस्तू १२ चीही असू शकते. ज्या व्यवस्थेत अपयश मुकं आहे, तिथे शब्द तरी सरळ असायला हवे होते.

आता दुसरी बाजू मांडली पाहिजे, नाहीतर ही समीक्षा एकांगी होईल. कुणी म्हणेल, अहो, खाली येऊन चालू राहिलं हाच तर मोठेपणा आहे. १९९६ च्या नियमांनी बनवलेला कीबोर्ड पुढच्या होस्टवर चालतो. केबल खराब असेल, जुना हब मध्ये असेल, तरी फाइल पोचते. वापरणाऱ्याला दुकानात परत जावं लागत नाही. हा युक्तिवाद आम्हाला पूर्ण मान्य आहे. खाली येण्याला आमचा विरोधच नाही. एसटीला घाटात वेळ लागतो तेव्हा आपण कंडक्टरशी भांडत नाही. पण गाडी कुठल्या रस्त्याने चाललीय हे तो विचारल्यावर सांगतो. चालू राहणं आणि खरं सांगणं यांत विरोध नाही. इथे एक मिळवताना दुसरं सोडलं गेलं, आणि ते सोडणं अटळ नव्हतं. ८ बिटांच्या एका रजिस्टरमधल्या दोन बिटांनी भागलं असतं: हाक पूर्ण गेली का, ओ आली का. तारा बाराच राहिल्या असत्या.

हे आज एवढं का महत्त्वाचं? कारण फाय आता वेगळी चिप म्हणून दिसेनासा होतोय. फोनच्या, कॉम्प्युटरच्या मुख्य चिपच्या पोटातच तो गेला आहे. बारा तारा बाहेर होत्या तोवर त्यांना प्रोब लावता येत होता. डीआयआर कधी वर गेली, फायने बस कधी हिसकावून घेतली, हे डोळ्यांनी बघता येत होतं. आता करार तोच किंवा त्याचा भाऊबंद, पण बंद खोलीत. अशा वेळी आतल्याने बाहेर काय सांगायचं हे आधी लिहून ठेवलेलं नसेल तर विचारायला दुसरी जागाच नाही. शिकणाऱ्याचं नुकसान यात सगळ्यात जास्त आहे, कारण चालणाऱ्या गोष्टीतली चूक त्याला दिसणारच नाही.

आमचा निकाल मग असा. ट्रान्सीव्हर म्हणून, तारेवरचा कारागीर म्हणून, ही रचना पहिल्या प्रतीची आहे. मुद्दाम केलेली चूक विरामचिन्ह म्हणून वापरणं, घुमलेल्या आवाजावरून रिकामी खोली ओळखणं, चोवीस ठोक्यांची चोख वाटणी, यांतून शिकावं तेवढं थोडं. दुभाषा म्हणून मात्र ती अर्धी आहे. सोपं ते सगळं भाषांतर करून देते आणि अवघड तेवढं मूळ भाषेत पुढे सरकवते. आणि साक्षीदार म्हणून ती गप्प आहे. ही शेवटची उणीव सगळ्यात स्वस्तात भरून निघाली असती, म्हणून ती सगळ्यात जास्त खटकते.

श्रोत्यांपैकी जे स्वतः बोर्ड बनवतात त्यांच्यासाठी तीन कामं सांगून थांबतो. एक: फाय जोडल्यावर आधी ०० ते ०३ ही चार रजिस्टरं वाचा. यूएसबी ३३०० असेल तर ०४२४ आणि ०००४ मिळायला हवं. ते मिळत नसेल तर पुढचं काहीही खरं धरू नका. दोन: लिंक स्वतः लिहीत असाल तर फायने न दिलेले ते दोन बिट तुम्ही तुमच्या लिंकमध्ये ठेवा, हाक गेली का आणि ओ आली का, आणि ते बाहेर वाचता येतील असे ठेवा. आम्ही त्या फजितीनंतर ते ठेवले आहेत. तीन: बोर्ड ‘चालतो’ असं म्हणण्याआधी तो कोणत्या वेगाने चालतो हे नोंदवहीत बघा, आणि ‘फुल’ शब्द दिसला तर खूश होऊ नका.

प्रश्न असतील तर आता घेऊ.